नऊ चौकटी, समक्ष पाहिल्या

आमच्या सूनबाईंनी मागच्या महिन्यात मोबाईलवरच्या लिलावात एक घंगाळ घेतलं. ‘जुनं पितळी घंगाळ, भारदस्त, दिवाणखान्याची शोभा’ असं तिथे लिहिलं होतं आणि शेजारी फोटो होता. फोटोत ते घंगाळ एवढं मोठं दिसत होतं की त्यात लहान मूल बसवून अंघोळ घालावी. दोन दिवस ती स्वयंपाक करता करता बोली वाढवत होती आणि कुठल्याशा अनोळखी माणसाला हरवल्याच्या आनंदात तिने आमटीत दोनदा मीठ घातलं. मग खोकं आलं. आतून घंगाळ निघालं ते एका माणसाची कढी मावेल एवढं. तिने तक्रार केली, तर तिकडून उत्तर आलं की विवरणात मापाचा उल्लेख नव्हता, आपण आधी विचारून खात्री करायला हवी होती.

मी हसले. फार हसले. सूनबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिला वाटलं, सासूला तिची फजिती पाहून आनंद झाला. खरं कारण वेगळं होतं. ते उत्तर मला तोंडपाठ होतं, कारण नोकरीत असताना तेच उत्तर मी स्वतः लोकांना देत असे, शिक्का मारून.

मी नगरला एका सरकारी खात्याच्या भांडारात लिपिक होते. खात्याचं नाव लिहीत नाही, माझी पेन्शन अजून चालू आहे. भांडार म्हणजे खात्याची अडगळीची खोली, फक्त ती खोली सगळ्या जिल्हाभर पसरलेली. कुठे बंद पडलेला रोलर, कुठे पाडलेल्या क्वार्टर्सचं लाकूड, कुठे गंजलेले पाइप. वस्तू निकामी झाली की आधी तिचं निर्लेखन करायचं, म्हणजे ती वस्तू मेली असं वहीत जाहीर करायचं. मग तिची यादी करायची, यादीतल्या वस्तूंना नंबर द्यायचे आणि वर्षातून दोनदा आमच्या आवारात लिलाव पुकारायचा. माल असायचा ऐंशी-शंभर मैलांवर आणि बोली लागायची नगरच्या कडुनिंबाखाली, कागद वाचून. लिलावाआधी दोन दिवस माल जागेवर जाऊन बघायची मुभा असे. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विक्री. अट क्रमांक सात अशी होती की घेणाऱ्याने माल पाहिला आहे असं गृहीत धरलं जाईल, नंतर तक्रार चालणार नाही.

या अटीच्या जोरावर आम्ही काय काय विकलं ते आठवलं की आजही गंमत वाटते. एकदा यादीत ‘जीप, एक नग, इंजिनसह’ होती. श्रीरामपूरच्या एका गृहस्थांनी ती घेतली. जाऊन पाहतात तर बॉनेटमधून बाभूळ वर आलेली, चांगली मनगटाएवढी जाड. इंजिन होतं, पण ते बाभळीच्या पोटात होतं. जीप न्यायची तर झाड तोडायला हवं आणि झाड तोडायची परवानगी दुसऱ्या खात्याकडे. ते गृहस्थ सहा महिने परवानगीमागे फिरत होते. दुसऱ्या वेळी लोखंडी टाकी विकली, तिच्यात मधमाश्यांचं पोळं होतं. घेणारा चिडून आला तेव्हा आमचे साहेब गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “मधाचे पैसे आम्ही लावलेले नाहीत.”

आमच्या यादीतलं वर्णन म्हणजे लग्नाच्या स्थळाचं वर्णन असे. मुलगा गव्हाळ, निर्व्यसनी, स्वतःचं घर. बघायला गेल्यावर काय ते कळायचं. हे नीट ओळखून होते एकटे हमीदभाई. नगरच्या भंगार बाजारात त्यांचं दुकान होतं आणि आमच्या एकाही लिलावाला ते चुकले नाहीत. खिशात लोहचुंबक घेऊन फिरत. मी यादी पुढे केली की ते नम्रपणे ती घेत, घडी घालत आणि तिने कपाळाचा घाम पुसत. “म्याडम, अक्षर तुमचं लई सुंदर,” म्हणत, आणि जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी माल पाहून येत.

आता माझ्या पापाकडे येते. यादीच्या शेवटच्या रकान्यात एक वाक्य असे: ‘वरील माल समक्ष पाहून खात्री केली.’ त्याखाली भांडार लिपिकाची सही, म्हणजे माझी. अकरा वर्षं मी ती सही करत होते आणि अकरा वर्षांत नगरच्या आवाराबाहेरचा एकही माल मी पाहिला नव्हता. माझ्या आधीच्या कुलकर्ण्यांनी चार्ज देताना मला शिकवलं होतं, “साळवे बाई, मागची यादी समोर ठेवायची आणि उतरवायची. जे विकलं गेलं ते गाळायचं. वस्तू काय पळून जाणार आहेत?” मी विचारलं होतं, “आणि समक्ष पाहणी?” ते म्हणाले, “यादी समक्षच असते ना आपल्या.” मुलगी लहान होती, अकोले तालुक्यातला माल पाहायला जायचं तर संगमनेरवरून दोन बस आणि पुढे जीप, हे सगळं खरं. पण खोटं कशाला बोलू, मुलगी नसती तरी मी गेले नसते. कुणीच जात नसे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका जानेवारीतल्या लिलावाची. यादीत चौदा नंबरला होतं: ‘सागवानी चौकटी, जुन्या, नग नऊ. स्थळ: अकोले तालुक्यातील पाडलेली कर्मचारी वसाहत.’ चौकटी म्हणजे दाराच्या. लाकूड जुन्या काळचं, दोन माणसांनी उचलावं असं. साहेबांनी नंबर पुकारला. मला वाटलं, आता हमीदभाई बोली लावणार, जुन्या सागावर त्यांचा जीव. पण हमीदभाई शेंगा सोलत बसले होते. मला तिथेच कळायला हवं होतं.

बोली लावली ती मागे उभ्या असलेल्या एका उंच, पांढऱ्या टोपीवाल्या माणसाने. त्याच्यापुढे कुणी गेलंच नाही. पावती करायला तो माझ्या टेबलाशी आला. नाव भानुदास, गाव शनिशिंगणापूर. देवळाच्या रस्त्याला त्याचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान होतं. गावात त्याला सगळे अण्णा म्हणत, मग मीही म्हणू लागले.

“अण्णा, माल पाहून आलात ना?” मी सवयीने विचारलं. हा प्रश्न आम्ही ‘चहा घेणार का’ या चालीत विचारत असू.

“न्हाई. बघायचं काय त्यात? तुमी बघून सही केलीया न्हवं,” अण्णा म्हणाले, आणि माझ्या सहीवर बोट ठेवून त्यांनी खाली आपली सही केली.

शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. चौकट असते, उंबरा असतो, पण फळ्या नाहीत, कडी नाही, कुलूप नाही. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी आडवी टेकवतात. घराची राखण शनिदेव करतो अशी श्रद्धा. माझा त्या देवाशी काही संबंध नव्हता. आमच्या घरी बुद्धाची मूर्ती, आणि शनीच्या त्या चौथऱ्यावर बायकांना तेव्हा चढू देत नसत, त्यामुळे आमची गाठ पडायचा प्रश्नच नव्हता. पण चौकटी विकत घ्यायला शिंगणापूरचा माणूस आला यात मला काही विशेष वाटलं नाही. उलट, नुसत्या चौकटी घेऊन दारं मागणार नाही असं एकच गाव जिल्ह्यात, असा फाजील विनोद मी शेजारच्या टेबलावर केलासुद्धा.

आठवड्याने अण्णा परत आले. टोपी हातात होती.

“बाई, नंबर चौदा बघून आलो.”

“उचलला माल?”

“न्हाई. तितं दारं हाईत.”

“म्हणजे?”

“तुमच्या कागदावर चौकटी हाईत. तितं दारं हाईत. नऊच हाईत, पर दारं हाईत. कड्या-कोयंड्यासकट. चौकट एक बी न्हाई.”

एवढ्या मोठ्या जिल्ह्यात आमच्या खात्याने दारं विकायला नेमका हाच माणूस शोधला होता. हसू दाबायला मी टेबलाचा खण उघडून आत डोकं घातलं.

साहेबांनी अट क्रमांक सात वाचून दाखवली. हमीदभाई बाहेरच बसले होते, त्यांनी दारं अर्ध्या भावात घ्यायची तयारी दाखवली. अण्णा नाही म्हणाले. “अर्ध्या भावाचं जाऊ द्या. आधी ती दारं माझ्या नावावर उचलाया लागत्याल. शिंगणापूरच्या मानसानं नऊ दारं इकत घेतली ह्ये मी कुनाला सांगू?”

“मग चौकटी नव्या करून घ्या,” साहेब म्हणाले.

“सुतार तीन म्हैने म्हणतोय. वैशाखात पोरीचं लगीन हाय. घराच्या भिंती उंबऱ्यापाशी थांबल्यात, चौकटी बसल्याबिगर वर सरकत न्हाईत. पोरगी नव्या घरातनं जावी, येवढंच माझं हाय.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “बाई, तुमी बघितल्या तवा हुत्या न्हवं?”

मी म्हणाले, “होत्या.”

एका शब्दाचं खोटं. आजही तो शब्द मला जसाच्या तसा ऐकू येतो. आणि खोटं बोलल्यावर माणूस जे करतो ते मी केलं, एकदम कर्तव्यदक्ष झाले. “मी स्वतः येते तुमच्याबरोबर, पाहू काय प्रकार आहे,” म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने आम्ही निघालो. संगमनेर, अकोले, मग जीपमध्ये बारा माणसं, दोन कोंबड्या आणि एक भाताचं पोतं. डोंगर सुरू झाले तशी थंडी अंगात शिरली. वसाहतीत पाडलेल्या भिंतींचे ढिगारे होते आणि एका टोकाला वॉचमनची पत्र्याची खोली. वॉचमनचं नाव कोंडाजी. साठीचा, काटक, अंगात खात्याचा खाकी कोट आणि खाली धोतर. त्याने मला पाहून विचारलं, “कोन पायजेत?”

“मी भांडारातली साळवे. नगरहून.”

“सही करनाऱ्या बाई?” त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद दिसला. “कागदावं लई वरसं बघितली तुमची सही. आज मानूस बघितलं.”

अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी हे ऐकलं की नाही मला कळलं नाही. मी घाईने विचारलं, “कोंडाजी, चौकटी कुठे गेल्या?”

“जाळल्या,” कोंडाजी म्हणाला.

“जाळल्या म्हणजे?”

“चार पावसाळं जाळल्या. हितं पाऊस सुरू झाला का चार म्हैने वाळकी काडी घावत न्हाई. मी दर साली अर्ज केला, सरपान द्या, न्हाय तर घासलेट द्या. उत्तर आलं का माल सांबाळा. मंग म्यां निम्मा सांबाळला.” त्याने खोलीत बोट दाखवलं. आठ दारं भिंतीला टेकवून रचलेली होती, आणि नववं चार विटांवर आडवं, त्यावर घोंगडी. त्याची पितळी कडी घासून लखलखीत ठेवलेली.

“चौकटी जाळल्या आणि दारं ठेवली, असं का?” मी विचारलं.

“दारावं झोपाया येतं, बाई. चौकटीवं झोपून दावा बरं.”

अण्णा मोठ्याने हसले. मीही हसले. कोंडाजीने नवव्या दारावर बसवून आम्हाला कोरा चहा दिला. तो चहा कशावर उकळला होता ते मी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये अण्णा माझ्या शेजारीच बसले. मला वाटलं, आता विचारतील. संगमनेर मागे पडल्यावर ते म्हणाले, “बाई, तुमी मनाला लावून घिऊ नका. तुमी बघून गेला तवा हुत्या चौकटी. तुमची पाठ फिरली आन् त्यानं जाळल्या. म्हातारा चार सालं म्हनतोय, पर त्याला काय याद ऱ्हातंय? तुमी कशाला खोटी सही कराल.”

मी खिडकीबाहेर उसाकडे पाहत बसले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शिव्यांची मला सवय होती, त्यांना उत्तरं होती, अट क्रमांक सात होती. या माणसाने माझ्यासाठी सबब स्वतः तयार करून माझ्या हातात ठेवली होती, आणि ती माझ्या सबबीपेक्षा चांगली होती. फार लाज वाटली. एवढी लाज मला त्याआधी आणि नंतर कधी वाटली नाही.

साहेबांना मात्र ही सबब मिठाईसारखी वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून टेबलावर थाप मारली. “झालं तर. तुमची डिसेंबरची सही आहे की माल समक्ष पाहिला. म्हणजे डिसेंबरपर्यंत चौकटी होत्या. म्हणजे वॉचमनने त्या महिन्याभरात जाळल्या. सरकारी मालाचा नाश. त्याच्यावर घ्या प्रकरण, वसुली लावा, घरी पाठवा. भानुदासचं बोलायचं तर अट सात आहेच. तुम्ही मोकळ्या.”

“साहेब, महिन्याभरात नऊ सागवानी चौकटी जाळायला त्याला काय लंका पेटवायची होती?”

“ते चौकशीत बघतील.”

मी जागेवर आले. समोर हमीदभाई बसले होते, कसल्याशा जुन्या पावतीसाठी. मी त्यांना विचारलं, “तुम्ही लिलावाआधी अकोल्याला जाऊन आला होतात ना? मग चौकटी नाहीत हे बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलं?” हमीदभाई म्हणाले. “मला वाटलं म्याडमना ठाऊक असेल. सही आहे त्यांची.” एवढं बोलून ते लोहचुंबकाने माझ्या टाचण्या गोळा करत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं: ‘लॉट क्रमांक चौदामधील माल मी समक्ष पाहिलेला नाही. यापूर्वीही कधी पाहिलेला नाही. मागील यादीवरून उतरवून सही केली आहे. चौकटी केव्हा नष्ट झाल्या हे माझ्या सहीवरून ठरवता येणार नाही.’ चार ओळी. अकरा वर्षांत मी लिहिलेला हा पहिला कागद, जो मागच्या कागदावरून उतरवलेला नव्हता. नोकरी गेली तर काय, हा हिशेब रात्रभर नवऱ्याबरोबर करून झाला होता आणि जुळला नव्हता. नवरा शेवटी एवढंच म्हणाला, “लिहून टाक. नाहीतर मला रोज तुझं तोंड बघावं लागेल.”

साहेबांनी कागद वाचला, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “बाई, असं लिहून कुणी मरतं का? तुम्ही एकट्याच मरा, माझी हरकत नाही. पण ‘यापूर्वीही कधी’ कशाला लिहिलंत? आता सगळे विचारतील, यापूर्वी साहेब काय करत होते.”

“प्रतिस्वाक्षरी करत होते,” मी म्हणाले.

चौकशी झाली. चौकशी अधिकारी पुण्याहून आले, गोरे, सभ्य, मऊ बोलणारे. त्यांनी मला विचारलं, “पाहणी न करता सही का केलीत?” मी म्हणाले, “सगळे करतात म्हणून.” ते फार दुखावले. म्हणाले, “हे उत्तर होऊ शकत नाही.” दोन दिवस ते विश्रामगृहावर राहिले, साईबाबांचं दर्शन घेऊन आले आणि परत गेले. महिन्याभराने त्यांचा अहवाल आला. वसाहतीचं सगळं वर्णन त्यात होतं, कोंडाजीचा जबाब होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘मी स्वतः घटनास्थळास भेट देऊन खात्री केली आहे.’ कोंडाजीला मी नंतर विचारलं, असे कुणी आले होते का. तो म्हणाला, “तुमच्यामागं हितं वानरं आलती, साहेब कुनी न्हाई.”

कोंडाजीला ताकीद मिळाली आणि चक्क घासलेट मंजूर झालं. माझी एक वेतनवाढ रोखली. अण्णांचा लिलाव रद्द होऊन पैसे परत मिळाले, पण पैशाने भिंती वर सरकत नाहीत. फेब्रुवारी संपत आला होता. मी अण्णांना सगळं खरं सांगितलं. टेबलाच्या पलीकडे उभं राहून, बसायची हिंमत झाली नाही. त्यांनी ऐकून घेतलं, टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“म्हंजी तुमी बघितल्याच नव्हत्या.”

“नाही.”

“आन् मी बी बघितल्या नव्हत्या,” ते म्हणाले, आणि निघून गेले.

वर्षअखेर म्हणून मार्चमध्ये दुसरा लिलाव होता. सुप्याजवळचं आमचं एक जुनं विश्रामगृह पाडलं होतं आणि तिथलं लाकूड यादीत येणार होतं. मी सुट्टीच्या दिवशी मोजायची टेप घेऊन सुप्याला गेले. ढिगाऱ्यातून चौकटी ओढून एकेक वेगळी करवली. अंगावर पाल पडली, हाताला खिळा लागला. यादीत मी लिहिलं: ‘सागवानी चौकटी, नग नऊ. पैकी एकीचा डावा पाय वाळवीने वीतभर खाल्ला आहे. एकीला कुणीतरी हिरवा रंग फासला आहे. उरलेल्या सात उत्तम.’ अकोल्याच्या दारांपुढे लिहिलं: ‘दारे, चौकटीविना, नग नऊ. पैकी एकावर वॉचमन झोपतो.’ शेवटचं वाक्य साहेबांनी लाल शाईने खोडलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण माझ्या सगळ्या नोकरीत तेवढं नेमकं वाक्य मी दुसरं लिहिलं नाही.

अण्णांना मी पोस्टकार्ड टाकलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं. लिलावाच्या सकाळी ते कडुनिंबाखाली उभे होते.

“अण्णा, माल बघायला गेला होतात का? सुपा काही लांब नाही.”

“तुमी बघितलाय का?”

“बघितलाय. हात लावून.”

“मंग मी कशाला जाऊ?”

“अण्णा, अहो, एकदा फसलात तुम्ही. माझ्याच सहीवर.”

“त्या वक्ताला तुमी बघितलं नव्हतं,” अण्णा म्हणाले. “आता बघितलंय म्हनताय.”

चौकशीच्या दिवशी मला एवढी भीती वाटली नव्हती. हमीदभाईंनी त्या दिवशी बोली लावली, म्हणजे माल नक्की चांगला होता हे मला कळलं आणि जीव भांड्यात पडला. मग हमीदभाईंनी एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ते पुन्हा शेंगा सोलू लागले. चौकटी अण्णांना गेल्या. निघताना हमीदभाई म्हणाले, “म्याडम, आज यादी वाचली मी तुमची. पहिल्यांदा.”

वैशाखात लग्नाची पत्रिका आली. लग्नाच्या दिवशी मला जमेना, म्हणून आदल्या दिवशी सकाळी आहेर घेऊन शिंगणापूरला गेले. देवळाच्या रस्त्यावर तेल वाहत होतं, भाविकांची रांग होती. अण्णांचं घर मागच्या गल्लीत, नवीन विटांचं. घरात कुणी नव्हतं. सगळे मांडवाच्या कामाला कुठेतरी गेले असावेत. बाहेरून सगळं दिसत होतं: कोनाड्यात नवरीच्या बांगड्यांचा डबा, खुंटीला शालू, पाटावर नवी भांडी. चौकटीला आंब्याची डहाळी आणि हळदीकुंकवाची बोटं. दार नाही. मला कुणी अडवणारं नव्हतं आणि माझा पाय उंबऱ्याच्या आत पडेना.

मग मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. पर्समधून टेप काढली आणि घराभोवती फिरून चौकटी मोजू लागले. पुढची एक, मागची एक, खोल्यांच्या, आणि मागे भाविकांना उतरायला काढलेल्या चार खोल्यांच्या. हिरवी सापडली. वाळवीची शेवटच्या खोलीला होती, खालचा पाय नीट कापून खाली दगड बसवलेला.

मी ओणवी होऊन त्या दगडाचं माप घेत असताना मागून आवाज आला. अण्णा उभे होते, दोन्ही हातांत पत्रावळींचे गठ्ठे.

“बाई, आत का न्हाई बसला? आमी काय दार लावलंय का?”

मी टेप गुंडाळत उठले. “मोजत होते, अण्णा.”

“किती भरल्या?”

“नऊ.”

“बरं झालं सांगितलं,” अण्णा म्हणाले. “मी अजून मोजल्या न्हाईत.”